चौथी वायर : अमेरिकन स्वयंपाकघरातला ५४ वर्षांचा अपवाद

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे वायरमनचं काम कुठून आलं? तर एका फोनपासून सुरुवात करतो.

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. घर १९६० च्या दशकातलं. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वयंपाकघराचं काम काढलं. जुनी इलेक्ट्रिक रेंज काढून नवी घ्यायची होती. रेंज म्हणजे वर चार शेगड्या आणि खाली ओव्हन, असं एकच मोठं यंत्र. नवी रेंज घरी आली, खोकं उघडलं, बघते तर तिला वायर आणि प्लगच नाही! फ्रिज घेतला तर वायर येते, मिक्सर घेतला तर येते, आणि एवढ्या महागाच्या रेंजला नाही. वायर म्हणे वेगळी विकत घ्यायची. दुकानात गेली तर तिथं दोन प्रकार. एक तीन पिनांची, एक चार पिनांची. तिच्या भिंतीत सॉकेट होतं तीन भोकांचं.

इथपर्यंत सोपं होतं. पण तिला रेंज समोरच्या भिंतीला हलवायची होती. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जागेवर ठेवलीत तर जुन्या तीन वायरा चालतील. हलवलीत तर बोर्डापासून नवीन केबल ओढावी लागेल, आणि ती चार वायरांचीच हवी. खर्च वाढला. तिनं मला फोन केला. म्हणाली, "दादा, मला एक सांग. साठ वर्षं तीन वायरांवर ओव्हन चालला, कुणाला काही झालं नाही. आता चौथी कशाला? आणि जागेवर ठेवली तर तीन चालतात, हलवली की चार. म्हणजे विजेला कळतं का, रेंज कुठल्या भिंतीला आहे ते?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. विजेला काही कळत नाही. या प्रश्नाचं अर्धं उत्तर विजेच्या शास्त्रात आहे आणि अर्धं दुसऱ्या महायुद्धात. आज आपल्याला ती दोन्ही अर्धुकं जोडायची आहेत.

नियम आले विम्याच्या दारातून

आधी हे नियम केले कुणी ते बघू. आपला समज असा, की असे नियम सरकार करतं. अमेरिकेत तसं झालं नाही. १८८२ साली एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शहराशहरांत वीज गेली आणि तिच्या मागोमाग आगी. आगीचे पैसे कोण भरणार? विमा कंपन्या. त्यामुळे वायर कशी ओढावी, याची पहिली काळजी त्यांना पडली.

१८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. दिव्यांचा झगमगाट होता, आणि सगळं विजेवर चालणारं एक स्वयंपाकघरही लोकांना दाखवायला मांडलं होतं. तिथली वायरिंग तपासायला विमेवाल्यांनी विल्यम हेन्री मेरिल नावाच्या तरुण इंजिनिअरला पाठवलं. त्यानं १८९४ मध्ये शिकागोतच तपासणीचं एक छोटं कार्यालय उघडलं. पुढं त्याचीच अंडररायटर्स लॅबोरेटरीज झाली. आज उपकरणांच्या मागे वर्तुळात 'यूएल' ही अक्षरं दिसतात, ती हीच.

तोपर्यंत देशात विजेचे वेगवेगळे पाच नियमसंग्रह चालू होते. ते एकत्र करून १८९७ मध्ये नॅशनल इलेक्ट्रिकल कोड निघाला. १९११ पासून तो नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनकडे आहे. नाव बघा, 'फायर'. आणि दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत. एक, हा कोड स्वतः कायदा नाही. राज्यं किंवा नगरपालिका तो स्वीकारतात, तेव्हा तो कायदा होतो. म्हणून एका राज्यात एक आवृत्ती लागू असते आणि शेजारच्या राज्यात दुसरी. दोन, नवी आवृत्ती आली म्हणून जुनी घरं कुणी उकलत नाही. ज्या वेळी जे मान्य होतं, त्याप्रमाणे केलेलं काम सहसा तसंच राहू देतात. घर जुन्या नियमात राहतं, आणि माणसं नव्या काळात.

तीन वायरा म्हणजे कोणत्या तीन?

इथं आपल्या मराठी घरांतल्या माणसाचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडे तीन पिनांचा प्लग म्हटला की फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. म्हणजे तिसरी वायर सुरक्षेची. अमेरिकेत रेंजच्या तीन वायरांत ती सुरक्षेची वायर नाहीच.

तिकडं घरात दोन गरम वायरा येतात, म्हणजे आपल्या भाषेत दोन फेज म्हणा. प्रत्येकीचा न्यूट्रलशी दाब १२० व्होल्ट, आणि एकमेकींत २४० व्होल्ट. दिवे-पंखे १२० वर चालतात. रेंजच्या शेगड्यांना ताकद लागते, त्या २४० वर चालतात, म्हणजे दोन गरम वायरांच्या मध्ये. मग रेंजला न्यूट्रल कशाला? ओव्हनमधला छोटा दिवा, घड्याळ, टायमर यांच्यासाठी. ते १२० व्होल्टचे. म्हणून दोन गरम आणि एक न्यूट्रल, अशा तीन झाल्या. आणि यंत्राचा बाहेरचा पत्रा, ज्याला आपला हात लागतो, तो जमिनीशी जोडायला हवी चौथी. अर्थिंगची.

म्हणजे मुळात चार वायरा लागतात, हे तेव्हाच्या इंजिनिअरांनाही ठाऊक होतं. मग चौथी गेली कुठं?

तांब्याचा दुष्काळ

१९४२ साल. पर्ल हार्बरला जेमतेम काही महिने झालेत. अमेरिकेतला प्रत्येक कारखाना युद्धाच्या मालाला लागलाय. काडतुसांची आणि तोफगोळ्यांची आवरणं पितळेची, आणि पितळ म्हणजे तांबं नि जस्त. जहाजं, विमानं, रेडिओ, मोटारी, सगळीकडे तांब्याच्या वायरी. तांबं पुरेना.

किती पुरेना, याची दोन उदाहरणं देतो. १९४३ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीनं एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडलं. आणि दुसरं त्याहून नवलाचं. अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करायला टेनेसीत ओक रिज इथं प्रचंड विद्युतचुंबक बांधायचे होते. त्यांच्या वेटोळ्यांना तांबं मिळेना, म्हणून सरकारी खजिन्यातून चांदी उसनी घेतली. साधारण १४,७०० टन! युद्धानंतर ती परतही केली. जिथं तांब्याच्या जागी चांदी वापरायची वेळ आली, तिथं घरच्या ओव्हनच्या चौथ्या वायरीचं काय घेऊन बसलात?

त्याच वर्षी कोडमध्ये एक तात्पुरती दुरुस्ती आली. शब्द लक्षात घ्या, तात्पुरती. इलेक्ट्रिक रेंजचा पत्रा न्यूट्रललाच जोडायला परवानगी मिळाली. वेगळी अर्थिंगची वायर नको. एवढंच नाही, तर ठरावीक प्रकारच्या केबलमध्ये हा न्यूट्रल उघडा, बिनआवरणाचा असला तरी चालत असे. आवरणाला रबर लागतं, आणि आग्नेय आशियातले रबराचे मळे तेव्हा जपानच्या ताब्यात गेले होते.

हा निर्णय बेजबाबदार होता का? मला तसं वाटत नाही. त्यामागचा विचार सरळ होता. न्यूट्रल मुख्य बोर्डाजवळ जमिनीला जोडलेलाच असतो, म्हणजे तो जवळपास शून्य व्होल्टवर असतो. रेंज जड असते, ती रोज कुणी काढत-घालत नाही. वायर जाड असते, सहसा तुटत नाही. युद्धात माणसं मरतायत, आणि इथं एक वायर वाचतेय. त्या टेबलाशी मी बसलो असतो, तर मीही कदाचित सही केली असती.

एका वायरवर दोन कामं

पण मग धोका काय? आता नीट ऐका, सगळ्या गोष्टीचं मर्म इथं आहे.

समजा रेंजकडे येणारा न्यूट्रल कुठंतरी सुटला. स्क्रू सैल झाला, जोड जळाला, काहीही. शेगड्या २४० वर चालतात, त्यांना न्यूट्रलशी कर्तव्य नाही. त्या तापत राहतात. ओव्हन तापतो, पाव भाजला जातो. बंद काय पडतं? आतला दिवा आणि घड्याळ. आपण म्हणतो, बल्ब गेला वाटतं. रविवारी बघू.

दरम्यान आत काय झालंय? एका गरम वायरीतून वीज दिव्यात येते, दिव्यातून न्यूट्रलच्या खिळ्यावर येते. तिथून तिला पुढं जायला वाट नाही, कारण न्यूट्रल तुटलाय. पण त्याच खिळ्याला पत्रा जोडलाय! म्हणजे ओव्हनचं दार, त्याची मूठ, वरचा पत्रा, सगळं १२० व्होल्टवर जाऊन उभं राहतं. वाट बघत. एक हात ओव्हनच्या मुठीवर आणि दुसरा स्टीलच्या सिंकवर किंवा नळावर गेला, की ती वाट आपण होतो.

फ्यूज उडणार नाही का? नाही. रेंजचा ब्रेकर साधारण ४० किंवा ५० अँपियरचा. ४० वॅटच्या बल्बमधून जाणारा करंट एक अँपियरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. ब्रेकरला त्याची खबरही लागत नाही.

आणि माणसाला किती पुरतो? याचं उत्तर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी शोधलं. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातातून अगदी थोडा करंट सोडून बघितलं, की मूठ उघडून वायर सोडून देता येणं कधी बंद होतं. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपियर, स्त्रियांत साडेदहा. म्हणजे आपण 'करंट धरून ठेवतो' म्हणतो ना, तो धरत नाही. आपले स्नायूच सुटू देत नाहीत. आता आकडे शेजारी ठेवा. ब्रेकर जागा होतो ५० अँपियरला, माणूस अडकतो एका अँपियरच्या शंभराव्या हिश्शाला. ब्रेकर वायरीला आगीपासून वाचवण्यासाठी आहे, माणसाला वाचवण्यासाठी नाही. विमेवाल्यांनी सुरू केलेली गोष्ट आहे, आठवा.

बहिणीकडं इलेक्ट्रिशियननं जुनं सॉकेट उघडलं, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू सैल निघाला. भोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. ती म्हणाली, "अरे दादा, जुन्या ओव्हनचा दिवा वर्षभर लुकलुकायचा. आम्ही दोनदा बल्ब बदलला." त्यानंतर खर्चाबद्दल ती काही बोलली नाही.

तेच युद्ध, तेच तांबं, दुसरं उत्तर

अटलांटिकच्या पलीकडं ब्रिटनमध्येही तांब्याची हीच चणचण होती. उलट तिकडं बॉम्बनं पडलेली घरं पुन्हा बांधायची होती. युद्ध चालू असतानाच तिथं एक समिती बसली, युद्धानंतरच्या घरांत वीज कशी द्यायची ते ठरवायला. तिचा अहवाल १९४४ मध्ये आला. समितीत एकच स्त्री सदस्य होती, कॅरोलिन हॅस्लेट. १९२४ पासून स्त्रियांच्या विद्युत संघटनेचं काम करणारी ही बाई. लहान मुलांची बोटं सॉकेटात जाऊ नयेत, हा आग्रह तिथं धरला गेला.

त्यांनीही तांबं वाचवलं, पण कसं? प्रत्येक सॉकेटला बोर्डापासून वेगळी वायर नेण्याऐवजी सगळ्या खोल्यांतून फिरून पुन्हा बोर्डाला येणारं एकच कडं केलं, आणि प्रत्येक प्लगमध्ये स्वतंत्र फ्यूज घातला. अर्थिंगची पिन मात्र ठेवली. नुसती ठेवली नाही, तर तिला लांब करून तिच्यावरच आतले पडदे उघडायचं काम सोपवलं. १९४७ मध्ये त्याचं ब्रिटिश मानक निघालं, तोच आजचा चौकोनी पिनांचा प्लग.

आपण भारतात मात्र त्याआधीच्या, १९३४ च्या ब्रिटिश मानकातल्या गोल पिनांवर राहिलो. आपल्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, ती का, तर आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जुळावं आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावं.

टंचाई दोन्हीकडं सारखी होती. एकानं वायरीची लांबी कमी केली, दुसऱ्यानं सुरक्षेची वायर कमी केली.

युद्ध संपलं, अपवाद राहिला

१९४५ मध्ये युद्ध संपलं. तात्पुरती दुरुस्तीही संपायला हवी होती. पण १९४७ च्या आवृत्तीत ती कोडच्या मुख्य मजकुरात जाऊन बसली. पुढं कपडे वाळवणाऱ्या ड्रायरलाही तीच सवलत मिळाली, आणि भिंतीत बसवायच्या ओव्हनलाही.

असं का झालं? मला यात कट-कारस्थान दिसत नाही. युद्धानंतर घरं धडाक्यानं बांधली जात होती. केबल त्याच, सॉकेट त्याच, कामगारांचा हात त्यावर बसलेला. न्यूट्रल सुटण्याचे प्रसंग विरळ, आणि सुटला तरी तो आधी दिव्यावर दिसतो, माणसावर नाही. जे मोडलेलं दिसत नाही ते दुरुस्त करायला कोण उठणार? गंमत म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरांना ही सवलत नव्हती. तिथं सगळं घरच पत्र्याचं, म्हणून चार वायरांचा आग्रह. म्हणजे धोका ठाऊक होता. साध्या घरात तो परवडतो असं ठरवलेलं होतं, एवढंच.

१९९६ च्या आवृत्तीत अखेर हा अपवाद नव्या सर्किटांसाठी बंद झाला. १९४२ ते १९९६. तात्पुरतं म्हणून आलेलं ५४ वर्षं टिकलं.

तोपर्यंत दुसरं एक संरक्षण आलं होतं. डॅल्झिएलसाहेबांनीच १९६१ मध्ये एक यंत्र बनवलं. जाणारा आणि परत येणारा करंट ते सतत ताडून बघतं. साधारण ५ मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट भलत्या वाटेनं, कदाचित माणसातून, जातोय असं समजून क्षणात पुरवठा तोडतं. कोडमध्ये ते आधी पोहण्याच्या तलावांना आलं, मग अंगणात, मग न्हाणीघरात. १९८७ मध्ये स्वयंपाकघरातल्या सिंकजवळच्या सॉकेटांना, १९९६ मध्ये ओट्यावरच्या सगळ्या सॉकेटांना, २०१४ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राला आणि २०२३ मध्ये रेंजला. पाणी जिथं जवळ, तिथं आधी. रेंजची पाळी शेवटी आली.

मग विजेला कळतं का?

आता बहिणीच्या प्रश्नाकडं परत. जागेवर ठेवली तर तीन का चालतात? कारण भिंतीतलं सर्किट जुनं आहे, ते त्या वेळच्या नियमानं केलेलं आहे, आणि कोड जुन्या सर्किटावर नवी रेंज तीन वायरांनी जोडू देतो. त्यालाही अटी आहेत. न्यूट्रल पुरेसा जाड हवा. तो आवरणाचा हवा. उघडा असेल, तर ठरलेल्या प्रकारचीच केबल हवी आणि ती थेट मुख्य बोर्डातून आलेली हवी, मधल्या उपबोर्डातून नाही.

रेंज हलवली की सर्किट नवं होतं, आणि नव्या सर्किटाला नवा नियम. मग चार वायरा, चार भोकांचं सॉकेट. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, रेंजच्या मागे न्यूट्रल आणि पत्रा जोडणारी एक छोटी पट्टी असते, ती काढायची. तीन वायरांत ती हवीच, चार वायरांत ती नकोच. चार वायरा ओढून पट्टी तशीच ठेवली, तर न्यूट्रलचा करंट पत्र्यावरून आणि अर्थिंगमधूनही वाहत राहतो. आणि जुन्या तीन वायरांवर चार भोकांचं सॉकेट बसवून आतून दोन खिळे जोडून देणं, हा शॉर्टकट तर मुळीच नाही. बाहेरून चौथी दिसते, आत ती नसते.

आता कळलं, खोक्यात वायर का नव्हती? कारखान्याला ठाऊक नसतं, की ही रेंज १९९६ च्या आधीच्या भिंतीला लागणार की नंतरच्या. पट्टी बसवून पाठवतात, आणि वायरीचा निर्णय घरावर सोडतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नियम बदलतो कागदावर, एका दिवसात. भिंत बदलते ती फक्त कुणीतरी ती उघडतं तेव्हा. कायदा जुन्या घराला सूट देतो, धोका देत नाही. उपकरण बदलण्याचा दिवस हा त्या घराच्या आयुष्यात क्वचित येणारा दिवस असतो. त्या दिवशी 'चालतं का' एवढंच विचारलं, तर १९४२ ची टंचाई आणखी ३० वर्षं त्या भिंतीत राहते.

श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न

*"हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडं तर तीन पिना असतातच. मग आपल्याला याची काळजी नाही ना?"*

ताई, पिना असतात, पण त्यांच्या मागे वायर असते का, ते बघा. जुन्या चाळींत, वाड्यांत, कित्येक इमारतींत तिसऱ्या पिनेला काहीच जोडलेलं नसतं. मग एखादा वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये वायरचा तुकडा टाकून देतो, लूप मारतो. टेस्टर लावला की सगळं ठीक दिसतं. ही १९४२ चीच युक्ती आहे, फक्त युद्ध नाही, जाड वायर नाही, आणि प्लग रोज काढला-घातला जातो. त्यात बोर्डावर फेज आणि न्यूट्रल उलटे झाले, तर पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. मध्ये ओव्हनचा बल्बसुद्धा नसतो.

तेव्हा ओट्याचं काम काढाल, गिझर, ओव्हन, इंडक्शन बदलाल, त्या दिवशी टाइल्सचा रंग ठरवून झाला, की परवानाधारक वायरमनला दोन गोष्टी विचारा. या पिनेमागची वायर खरंच जमिनीपर्यंत जाते का, ते मोजून दाखव. आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवलाय का, त्याचं टेस्ट बटण माझ्यासमोर दाब. तो म्हणेल, "इतकी वर्षं चाललं की." माझी बहीणही हेच म्हणाली होती.